ओट्यावर पाय ठेवायच्या आत

"पाहुणं ओट्यावर पाय ठेवायच्या आत आपन उभं पाहिजे, बने. पानी आपल्या हातानं द्यायचं, च्या आपल्या हातानं. दुखतंय-खुपतंय ते पाहुणं गेल्यावर."

साळूबाईंना जाऊन किती वर्षं लोटली, पण सासूचा हा आवाज बनुबाईंच्या कानातून काही गेला नाही. साळूबाई जशा बोलल्या तशाच वागल्याही. अंगात ताप फणफणत असताना त्यांनी तलाठ्याला चहा करून दिला होता, आणि तलाठी पांदीच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर मग त्या चुलीपुढेच आडव्या झाल्या होत्या. नव्या नवरीनं, म्हणजे बनुबाईंनी, ते डोळ्यांनी पाहिलं आणि देवघरातल्या टाकासारखं जपून ठेवलं. पहाटे तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, नामाची माळ, वाटेवरच्या रांजणात येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी पाणी, असे बनुबाईंचे रोजचे नेम होते. आल्या माणसापुढे उभं राहणं हा त्यातलाच एक नेम. त्यात कधी खंड पडला नव्हता.

वस्ती देवळाली प्रवराच्या पुढे, कालव्याच्या कडेला. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला पांद, म्हणजे बांधांमधली गाडीवाट. पांदीनं कोणी आलं की भुऱ्या कुत्रा कालव्याच्या पुलापासूनच भुंकायला लागे, त्यामुळे पाहुण्याची वर्दी आधी मिळे आणि पदर सावरायला, चुलीपुढचं आवरायला वेळ सापडे.

दसऱ्याच्या सुमाराला गोठ्यात बनुबाईंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं, देवाच्या कृपेनं चांगलं झालं. डॉक्टरांनी चार पायांचा वॉकर दिला आणि रोज थोडं थोडं चालायला सांगितलं. बनुबाई हो म्हणाल्या आणि घरी येऊन खाटेला लागल्या. पाय टेकवला की ब्रह्मांड आठवायचं, आणि बघायला कोणी नसताना एवढा जीव कशासाठी काढायचा, असं त्यांना वाटे. वॉकर भिंतीशी उभा राहिला. सून अश्विनी त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालायला लागली. पडून पडून बनुबाईंच्या माकडहाडापाशी जखम झाली, ती काही भरून येईना.

अश्विनी गुणाची पोर. सासूची अंघोळ, जखमेचं मलम, दोन म्हशी, कडेवरचा लेक ओम, वर शेतातलं गवत. कानिफनाथ, म्हणजे बनुबाईंचा मुलगा, हंगाम चालू झाल्यापासून ट्रॅक्टरवर. ऊस घेऊन कारखान्याच्या रांगेत उभा राही आणि घरी जेवणापुरता येई. आईला अंघोळ घालणं काही त्याच्याकडून होण्यासारखं नव्हतं.

अशात अश्विनीच्या माहेराहून फोन आला. तिचं माहेर भंडारदऱ्याकडे, डोंगरात. धाकट्या भावाचं, कल्याणचं, लग्न माघात ठरलं होतं. अश्विनी एकुलती बहीण, तीच करवली. हळदीला तीच हवी, आणि नवरा-नवरी घरी आल्यावर दार अडवायलाही तीच. 'तुझी लेक माझ्या लेकाला देशील का' असं विचारून भावाकडून कबूल करून घेतल्याशिवाय बहीण दारातून हटत नाही, ही तिथली रीत. आणि अश्विनीचा ओम नुकताच चालायला लागलेला, म्हणजे दार अडवायला हक्काचं कारणही होतं.

"हळदीच्या चार दिवस आधी जा आन मांडव उतरल्यावर ये," बनुबाई खाटेवरून म्हणाल्या. "माझा शब्द हाय."

"आन तुमचं, आई?"

"माझं काय? मी कुटं पळून चालले?"

अश्विनी हसली. पण हसता हसता तिची नजर खाटेकडे, मग वॉकरवरच्या टॉवेलांकडे आणि मग गोठ्याकडे गेली, आणि ती धारेला निघून गेली. बनुबाईंना ती नजर लागली. शब्द देणं सोपं गेलं होतं.

वाट दाखवली रंगुबाईंनी. रंगुबाई पलीकडच्या वस्तीवरच्या, बनुबाईंच्या चुलत जाऊ. दोघी एकाच साली लग्न होऊन इथं आल्या, तेव्हापासून एकमेकींना टोमणे मारत आणि एकमेकींची भाजी चाखत म्हाताऱ्या झाल्या.

"देवळालीत एका संस्थेनं काढलंय म्हनं," रंगुबाई म्हणाल्या. "शिकलेली बाई घरी येती. अंगूळ घालती, जखम धुती, पाय हालवून घेती. आपल्याच घरी, आपल्याच खाटंवर."

"आन आपून काय करायचं?"

"काय न्हाई. पडून ऱ्हायचं." रंगुबाईंनी जाऊबाईंकडे रोखून पाहिलं. "तेवढं जमंल का तुला?"

"पडूनच हाय की मी."

"आमच्यापुढं पडून हायेस. परक्यापुढं बगू."

अश्विनीनं त्याच दिवशी फोन लावला. पलीकडून सांगितलं की आधी सिस्टर येऊन बघून जातील. ज्यांना खाटेवरून उठता येत नाही त्यांच्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवार येणं होईल, आणि जे हिंडते-फिरते आहेत त्यांची महिन्यातून एकदा फोनवर विचारपूस. अश्विनीचा चेहरा असा खुलला की बनुबाईंनी मनोमन देवाला हात जोडले.

सिस्टर येणार होत्या सकाळी, पण आल्या दुपारी. तोवर म्हशींना गवत नव्हतं म्हणून अश्विनी ओमला घेऊन उसाच्या बांधावर गेली होती. घरात बनुबाई एकट्याच. आणि भुऱ्या भुंकला.

आता बघा, माणसाला स्वतःचा पाय उचलत नाही, पण नेम त्याला उचलतो. पुलापाशी भुंकणं ऐकू आलं तेव्हा बनुबाई उशीवर होत्या. स्कूटर अंगणातल्या शेवग्यापाशी थांबली तेव्हा त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण केसांवरून हात फिरला होता, पदर डोक्यावर आला होता, आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं होतं.

सिस्टर ओट्यावर थांबल्याच नाहीत. हाळी नाही, 'हाय का कोनी घरात' नाही. चप्पल काढून सरळ आतल्या उंबऱ्यापर्यंत आल्या. शहरात असंच असेल, असं बनुबाईंनी मनाशी म्हटलं.

"मी पंकजा. संस्थेकडून आलेय. आजी, पेशंट कुठं आहेत?"

"बसा, बाई. पेशंट कसलं आलंय. मीच ती. जरासा पाय लचकला हुता." बनुबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. दुसरा हात भिंतीवरच होता.

"तुम्ही एकट्या सगळं करता?"

"करावं लागतंच की. सून जरा बांधावर गेलीय. आलं चालतं ना च्यात?"

पंकजा सिस्टर चहा प्याल्या. जखम वगैरे आहे का, असं त्यांनी विचारलं. बनुबाईंनी आपलं माकडहाड भिंतीला आणखी घट्ट टेकवलं आणि म्हणाल्या, "हुतं कायतरी. बरं झालं." रात्री झोप लागते का? लागते. दुखतं का? न्हाई, देवाची कृपा. सिस्टरांनी चहाची तारीफ केली, पाया पडल्या, आणि स्कूटर पांदीनं निघून गेली.

अश्विनी गवताचा भारा घेऊन आली तेव्हा मोरीत दोन कपबश्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या आणि सासूबाई खाटेवर पांढऱ्याफटक पडल्या होत्या. घामानं चोळी भिजलेली, आणि तोंडावर मात्र समाधान.

"आई, कोन आलं हुतं?"

"त्या सिस्टर. लई चांगल्या हायेत. च्या आवडला त्यांना."

अश्विनीनं भारा खाली टाकला. "च्या कोनी केला?"

बनुबाई हळूच म्हणाल्या, "आलं ठेचून घातलं हुतं."

दोन दिवसांनी संस्थेतून फोन आला. पंकजा सिस्टरच बोलत होत्या. "ताई, तुमच्या सासूबाई छान आहेत. मला चहा करून दिला त्यांनी. आमच्याकडे कूस बदलता येत नाही अशी माणसं वाट बघतायत, आधी तिकडे जावं लागेल. आजींना महिन्यातून एकदा फोन करू."

अश्विनी सासूला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बनुबाईंना बरं वाटलं असतं. तिनं गुपचूप मलम लावलं, कूस बदलून दिली, आणि मग ओट्यावर जाऊन भावाला फोन लावला. "कल्याण, मी अक्षतांनाच येईन रे. सांजच्याला माघारी फिरावं लागंल. दार अडवायला काकांच्या राजेश्वरीला उभी कर. ती करील नीट." आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. आत खाटेवर बनुबाईंनी माळ हातात घेतली होती, पण मणी पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी रंगुबाई आल्या आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावून बसल्या.

"आमच्यापुढं रोज कन्हायचं आन दवाखान्याच्या मानसापुढं नवरीवानी मिरवायचं."

"मिरवले न्हाई गं. पाहुणं दारात आलं तर..."

"ती पाहुनी न्हवती, बने. तुझी जखम बगायला आली हुती. तू तिला कपबशी दाखवलीस."

बनुबाईंना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "माज्या जिभंनं दिलेला शब्द माज्याच पायानं मोडला," त्या म्हणाल्या. "रंगे, आता काय करू?"

"आता पडून ऱ्हा. लई अवघड काम सांगितलं व्हय?"

अश्विनीनं पुन्हा फोन केला, खरी हकिकत सांगितली, मी घरी असताना एकदा या म्हणाली. पंकजा सिस्टर हसल्या आणि शुक्रवारी येते म्हणाल्या. बनुबाईंनी सुनेच्या हातावर हात ठेवून कबूल केलं की काही झालं तरी खाटेवरून उठणार नाही. तरीही रंगुबाई सकाळपासून खाटेच्या पायथ्याशी राखणीला येऊन बसल्या. त्यांचा जाऊबाईंवर विश्वास होता, पण जाऊबाईंच्या सासूवर नव्हता.

भुऱ्या भुंकला.

"पड," रंगुबाई म्हणाल्या.

"पडलेच हाय."

"मंग ह्यो पाय खाली कसा आला?"

खरंच, एक पाय जमिनीला टेकला होता. रंगुबाईंनी तो उचलून वर ठेवला; तोवर दुसरा खाली आला. "पदर तरी घिऊ दे डोक्यावर." "पडल्या पडल्या घे." "तांब्या तरी..." "अश्विनी दील तांब्या." रंगुबाईंनी शेवटी दोन्ही पाय धरून वर आपलं वजन टाकलं, आणि पंकजा सिस्टर उंबऱ्यात आल्या तेव्हा त्यांना खाटेवर दोन म्हाताऱ्या झोंबाझोंबी करताना दिसल्या. अश्विनी चुलीशी तोंडाला पदर लावून हसत होती.

"चालू द्या," सिस्टर म्हणाल्या. "मी थांबते."

बनुबाई आडव्या राहिल्या खऱ्या, पण साळूबाईंच्या आज्ञेतला निम्मा भाग अजून शिल्लक होता. कुठं दुखतं, असं सिस्टरांनी विचारलं तर "तसं काय न्हाई." जखम बघू द्या म्हटलं तर "राहू द्या, बाई, तुमाला कशाला त्रास." अश्विनी सांगायला लागली की बनुबाई मधेच, "त्यांना च्या दे आधी." खाटेवर पडून त्या आजारपण तेवढं झाकत होत्या, जशी कोणी पाहुण्यासमोर फाटकी गोधडी झाकावी.

रंगुबाईंनी हे थोडा वेळ पाहिलं. मग म्हाताऱ्या बायका ज्या एका प्रश्नानं जगातली कुठलीही बाई जोखतात, तो प्रश्न त्यांनी विचारला.

"बाई, माहेर कुटलं तुमचं?"

"शिंगणापूर."

खाट करकरली. "शनीचं शिंगणापूर?" बनुबाईंनी विचारलं.

"हो. देवळाच्या अलीकडे, मोठ्या चिंचेपाशी."

"कोनाची तू?"

"आदिनाथ शेटे माझे वडील."

"आदिनाथची लेक व्हय तू," बनुबाई म्हणाल्या. आवाज एकदम वेगळाच झाला, सासरचा नव्हेच. "त्याच्यासंगं मी चिंचा पाडल्यात. त्यानं खापर माझ्यावर फोडून मार चुकवला हुता. आता कसा हाय?"

"आहेत बरे. अजून दुसऱ्यावरच खापर फोडतात." सिस्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "म्हणजे तुम्ही आमच्या गावच्या. मग आजी कशाला म्हणू, आत्या म्हणते."

"म्हनून तू त्या दिशी हाळी न देता चुलीपातुर आलीस," बनुबाई म्हणाल्या. "मी म्हनलं ही कुटली रीत."

"सवयच ती. आमच्या घराला अजून दार नाही, पडदाच आहे. लहानपणी कुणाच्याही घरात सरळ आत जायचो. मोठी माणसं आजारी असली, निजलेली असली तरी निजल्या जागेवरून विचारायची, जेवलीस का गं."

बनुबाई छताकडे बघत राहिल्या. आणि त्यांना आपली आई दिसली. वाकळ अंगावर घेऊन निजलेली, आल्या-गेल्या प्रत्येकाशी निजूनच बोलणारी, "आज माझं अंग लई मोडलंय, तूच घे भाकरी टोपल्यातली," असं म्हणणारी. घराला दार नव्हतं, मग उठून उघडायचं काय आणि सावरून बसायचं कशासाठी? त्या घरात कोणी पाहुणा नव्हताच. सासरी आल्यावर त्या सासरचं इतकं मन लावून शिकल्या की हे माहेरचं पार विसरून गेल्या होत्या.

"पंकजे," त्या म्हणाल्या, "लई दुखतंय गं."

आणि स्वतःहून कुशीवर वळल्या.

पंकजानं जखम पाहिली, धुतली, नीट पट्टी केली. हात हलका होता, आणि काम चालू असताना गावातल्या माणसांची चौकशीही चालू होती; कोण आहे, कोण गेलं, कुणाच्या सुनेचं पटतं, कुणाचं नाही. बनुबाई मधेच कण्हत आणि मधेच हसत. सगळं आवरल्यावर पंकजा हात धुवायला आपणच मोरीवर गेली, आपणच माठातलं पाणी घेऊन प्याली.

"मागच्या वेळी मला फसवलंत, आत्या."

"तवा तू पाहुनी हुतीस."

"आता सोमवार-बुधवार-शुक्रवार येईन. अश्विनीताई, तुम्ही खुशाल जा लग्नाला. अंघोळ, पट्टी माझ्याकडे." मग तिनं वॉकरवरचे टॉवेल उचलले आणि वॉकर खाटेजवळ आणून ठेवला. "पण माझी एक अट आहे. मी आले की मला चालून दाखवायचं नाही. मी आले की आडवं पडायचं आणि कुठं दुखतं ते सांगायचं. आधी अश्विनीताईंचा हात धरून चाला. मग मी सांगेन तेव्हा एकटीनं, ओट्यापासून शेवग्यापर्यंत आणि परत. कोणी बघत नसताना."

"कोनी बगत नसताना चालून काय उपेग?"

"माळ ओढता ती कुणाला दाखवायला?"

रंगुबाई खूश झाल्या. "आदिनाथची लेक शोभती," त्या म्हणाल्या.

"शब्द द्या, आत्या."

"दिला," बनुबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात आलं, हा दुसरा.

पुढचे आठवडे बरे गेले. जखम कडेनं लाल झाली, मग भरत आली. अश्विनीचा हात धरून बनुबाई आधी उंबऱ्यापर्यंत आल्या, मग ओट्यावर, मग शेवग्यापर्यंत. कानिफनं फरशीवरचं पायपुसणं काढून टाकलं आणि ओट्याच्या पायरीला लोखंडी कठडा लावला. भुऱ्याला पंकजाची स्कूटर ओळखीची झाली. तो आता शेपटी हलवी, भुंकत नसे. पंकजानं एक दिवस सांगितलं की आता हात धरायला कोणी नको, वॉकर पुरे. पण शेवग्याकडे जायची वेळ झाली की बनुबाई कुणाला तरी हाक मारत. रंगुबाई ओट्यावर बसल्या की त्यांचा पाय चांगला पडे. कानिफ बघत असला की आणखी चांगला. एकटीनं, कोणी नसताना, हे मात्र रोज उद्यावर जाई. देवाजवळ कबूल करताना त्या म्हणत, उद्या नक्की.

ठरल्या दिवशी पहाटे कानिफ मोटारसायकल काढून उभा राहिला. अश्विनी नवी साडी नेसून, ओमला कडेवर घेऊन खाटेपाशी आली आणि म्हणाली, "उठू नका, आई."

"कोन उठतंय? तू काय पाहुनी हायेस का?" बनुबाईंनी पडल्या पडल्या तिला हळदीकुंकू लावलं, खणनारळानं ओटी भरली, ओमच्या गालाला बोट लावून आपल्या ओठांना लावलं. "दार चांगलं अडव. लवकर हटू नको. आन लेक कबूल करून घे, न्हाईतर पुढं ओम मलाच बोल लावायचा."

घर तिच्यावाचून चाललं. पंकजा आपल्या वारी येत राहिली. रंगुबाई भाकरी घेऊन येत. कानिफ चहा करायला शिकला, पहिला घोट घेऊन रंगुबाईंनी विचारलं, "ह्ये जेवनाआधी घ्यायचं का जेवनानंतर?" लग्नाच्या दिवशी कानिफही सकाळीच डोंगराकडे गेला.

तिसऱ्या प्रहरी रंगुबाईंच्या मोबाईलवर तिकडून व्हिडिओ कॉल आला. आधी कुणाची तरी टोपी दिसली, मग मांडवाचं कापड, आणि मग अश्विनी. दारात उभी, दोन्ही हात चौकटीला लावलेले, हळदीनं पिवळी झालेली. पायाशी ओम. कल्याण काहीतरी गयावया करत होता आणि ती मान हलवत होती. दोघी म्हाताऱ्या मोबाईलपुढे डोक्याला डोकं लावून बसल्या.

"हटू नको," बनुबाई म्हणाल्या, जणू मांडवातल्या त्या गलक्यात तिला ऐकू जाणार होतं.

कल्याणनं कबूल केलं असावं, कारण हशा उसळला आणि अश्विनी बाजूला झाली. पडद्यावर आता नुसतं उघडं दार होतं आणि आत जाणारी नवरी. मग फोन बंद पडला.

रंगुबाईंनी डोळे पुसले, मोबाईल कमरेला खोचला. "जाते मी. म्हशी वरडत असत्याल. तुला काय पायजे का?"

"न्हाई. जा तू."

रंगुबाई उसाच्या पलीकडे गेल्या. वस्तीवर कोणी उरलं नाही. वारा नव्हता, उसाची पानंही गप्प होती. कालव्याचं पाणी तेवढं वाहत होतं. शेवग्याच्या सावलीत भुऱ्या पाय पसरून झोपला होता. पांदीनं कोणी येत नव्हतं, येणार नव्हतं. पंकजाचा वार उद्या.

बनुबाई थोडा वेळ खाटेवर बसून राहिल्या. हातातली माळ डोळ्यांना लावून त्यांनी उशाखाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला नाही. वॉकर जवळ ओढला, दोन्ही हातांनी धरला आणि उभ्या राहिल्या. उंबरा ओलांडला. ओट्याच्या कठड्याला हात लावून एकेक पायरी उतरल्या.

भुऱ्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला.

बनुबाई शेवग्याच्या दिशेनं निघाल्या.